दुसऱ्या ओळीला पुसतं

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात थोरल्या भावाचा एक नेम होता. गिऱ्हाइकाने मशीन टेबलावर ठेवून "चालत नाही" म्हटलं, की तो हत्याराला हात लावायचा नाही. आधी विचारायचा, "काय शिवत होतात? मग काय झालं? आणि काय व्हायला हवं होतं?"

"अहो, मला कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

"ताई, डॉक्टरला नुसतं 'बरं नाही' सांगितलं, तर त्याने सुई कुठे टोचायची?"

धाकटा भाऊ शेजारच्या स्टुलावर बसून हे रोज ऐकायचा. इतकं ऐकलं, की ऐकू येईनासं झालं.

पुढे आजाराने थोरल्याचे पाय नेले, हात नेले, वाचा नेली. देवाने मागे ठेवला तो एक उजवा अंगठा. त्या अंगठ्याखाली बटण आणि समोर टॅबलेट. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळायची. हवं ते उजळलं की दाबायचं. वाक्य पुरं झालं की बटण दाबून धरायचं, मग टॅबलेट थोरल्याच्याच आवाजात बोलायचा. वाचा जाण्याआधी धाकट्याने तो आवाज भरून ठेवला होता.

सॉफ्टवेअर फुकटचं होतं आणि उघडं होतं. कोणीही आत डोकावावं, सुधारावं. कुठल्या तरी परगावचा एक माणूस नोकरी सांभाळून, स्वतःच्या वेळात ते चालवत होता. वहिनी देवापुढे हात जोडायची तेव्हा घरच्यांबरोबर त्याचंही भलं मागायची. नाव ठाऊक नव्हतं, नवऱ्याला बोलतं केलं म्हणून "त्या बोलवणाऱ्याला सुखी ठेव" म्हणायची. देवाला तेवढा पत्ता पुरे.

अंगठाही आता ढिला पडू लागला होता. जे बोलायचं ते लवकर बोलून घ्या, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. थोरल्याने वहिनीला आणि धाकट्याला जवळ बोलावलं. टॅबलेट बोलला, "तुम्हा दोघांना सांगायचंय. मोठं आहे. जुळवून सांगतो."

आणि नेमका टॅबलेट पडून फुटला.

नव्यावर सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती बसेना, तेव्हा धाकट्याने नवी घातली. थोरल्याने सकाळभर एकेक अक्षर वेचलं, बटण दाबून धरलं आणि पडदा कोरा झाला. आवाज नाही, अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेचलं. पुन्हा कोरा.

धाकट्याचं डोकं फिरलं. त्याने सॉफ्टवेअरचं तक्रारींचं पान उघडलं. वर लिहिलं होतं: आधी इतरांच्या तक्रारी वाचा, एका वेळी एकच अडचण लिहा, काय केलंत ते सांगा, मी एकटा आहे, जरा सांभाळून घ्या. हे त्याने बोटाने वर ढकललं आणि लिहिलं, "चालत नाही. फालतू काम. न तपासता लोकांच्या गळ्यात मारता का?"

उत्तर लगेच आलं. "तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. काय लिहिलंत? मग काय झालं? काय व्हायला हवं होतं? माझ्याकडे नीट चालतंय, म्हणून विचारतो."

"याच्याकडे चालतंय म्हणे!" धाकटा ओरडला आणि ठोकलं, "इथे माणूस मरायला टेकलाय आणि तुम्ही परीक्षा घेताय? जमत नसेल तर दुकान बंद करा."

खाली भराभर माणसं जमली. "आमचंही चालत नाही." "बरोबर बोललात!" एकाने भलतंच गाऱ्हाणं मध्ये घुसडलं. रोज नवं कोणी येऊन दगड टाकून जाई आणि धाकटा रोज वाचून सुखावे. बोलवणारा मात्र पुन्हा बोलला नाही. इकडे थोरला रोज तीच वाक्यं वेचत होता, रोज पडदा कोरा होत होता आणि अंगठा थकत होता.

"वहिनी, असा झापलाय त्याला, विचारू नकोस," धाकटा खाटेशेजारीच म्हणाला.

थोरल्याचे डोळे वळले. अंगठा हलला. "काय लिहिलंस?" टॅबलेट बोलला.

बोलला! तिघेही दचकले. धाकट्याने सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ अक्षरं नुसतीच उजळत राहिली. मग थोरल्याच्या जुन्या, खणखणीत आवाजात एकच शब्द आला, "गिऱ्हाईक!"

वहिनीला हसू फुटलं आणि अर्ध्यातच तिने तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून थोरल्याने दुरुस्ती हाती घेतली. छोटं वाक्य लिहिलं, बोललं. जरा लांब लिहिलं, बोललं. मजकूर दुसऱ्या ओळीवर गेला की पुसला. "दुसऱ्या ओळीला पुसतं," टॅबलेट म्हणाला.

"एवढंच?" धाकटा म्हणाला. त्या माणसाने विचारलं तेव्हाच पाहिलं असतं, तर त्याच दिवशी कळलं असतं. एकेका ओळीत थोरला सगळं बोलून मोकळा झाला असता. "दादा, आता ते तुझं मोठं बोलणं बोल. तुकड्यातुकड्यांनी बोल."

"आधी तक्रार."

"अरे, मरू दे ती तक्रार!"

"माझ्यासारखे असतील." थांबून, मोठ्या कष्टाने, "नीट लिही. माफी माग."

उरलेला अंगठा असा खर्ची पडला. काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. टॅबलेट कुठला, आवृत्ती कुठली. धाकट्याने एकेक गोष्ट विचारून लिहिली, शेवटी माफी लिहिली आणि पान उघडलं.

पान होतं. पण लिहायची जागा बंद झाली होती. वर चार ओळी होत्या: "सांगितल्याप्रमाणे दुकान बंद करतो. राग नाही, दमलो. आता नवी तक्रार घेता येणार नाही. सगळं उघडंच आहे, जमेल त्याने पुढे न्यावं."

धाकट्याने ते उघडं सगळं उघडून पाहिलं. त्यातलं एक अक्षर त्याला लागेना. त्या माणसाचा पत्ता शोधला, तो कुठेच नव्हता.

"पाठवलं?" टॅबलेटने विचारलं.

वहिनी दारात उभी होती. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "पाठवलं, दादा."

"आता ऐका," टॅबलेट म्हणाला. दोघं खाटेला चिकटून बसली. अक्षरं उजळली, विझली, पुन्हा उजळली. "तुम्ही दोघं," एवढं आलं. पुढचं अक्षर उजळून गेलं, अंगठा हललाच नाही. फेरी पुन्हा आली. पुन्हा गेली.

त्यानंतर अंगठा हललाच नाही. डोळे तेवढे राहिले. सकाळी धाकटा आत आला, की ते डोळे आधी त्याच्याकडे वळतात, मग टॅबलेटकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. काय विचारताहेत ते त्याला नेमकं कळतं.

"अजून उत्तर नाही आलं, दादा," तो म्हणतो. "येईल."

वहिनी देवापुढे हात जोडते. बोलवणाऱ्याचं भलं ती अजूनही मागते, पण हल्ली त्या वाक्यापाशी आली की तिचा आवाज फुटत नाही.