चुडामण शेटकडे अर्ध्या दिवसाची नोकरी

जैनाबादच्या मथुराबाईला काम हवं होतं. तेही आठवड्यातून एकच दिवस, बाजाराच्या दिवशी, दुपारी बारापासून शेवटची नाव सुटेपर्यंत. पोटासाठी नव्हे. नवऱ्याची, कडूची, कपाशी आणि केळी बरी चालली होती, दोन्ही लेकी आपापल्या घरी सुखी होत्या. पण रिकाम्या घरात तिला करमत नसे, आणि कापडाचं तिला वेड होतं. कुणाच्या अंगावरचं लुगडं लांबून बघून ती सांगायची, याला किती धुण्यांचं पाणी लागलंय, आणि नेसणारीला ते मनातून आवडतं की नुसतं नवऱ्यानं आणलं म्हणून नेसलंय.

तापीपलीकडच्या बऱ्हाणपुरात लुगड्यांचं मोठं दुकान चुडामण शेटचं. गादीच्या वर विलायतेच्या राजाची तसबीर टांगलेली असे. खादीवाली मंडळी रस्त्यानं येताना दिसली की शेट ती उलटी करी. मागच्या बाजूला लक्ष्मी चिकटवलेली होती. दुकानात माल दाखवायला त्याचा मेव्हणा गोटू. चाळिशीचा, जाडसर, जेवण झालं की उभ्या उभ्या डुलक्या घेणारा. बायका त्याच्यापुढं बसून लाजत, मनातलं सांगत नसत, आणि जे पुढं टाकलं ते घेऊन जात. घरी गेल्यावर रडत.

मथुराबाईनं आधी सरळ मार्गानं जायचं ठरवलं. गावच्या शाळेतल्या विनायक मास्तरांना तिनं विचारलं, "मास्तर, काम मांगायचं तर शेटकडे कसं जायचं?"

मास्तर खूश झाले. त्यांना असं कुणी विचारत नसे. "सकाळी जावं, बोहनी झाल्यावर. धुतलेलं लुगडं नेसावं. आधी रामराम, मग आपल्याला काय येतं ते सांगावं. मागणं शेवटी. आणि अर्ज लेखी असावा." एवढं सांगून त्यांनी अर्जही लिहून दिला. त्यात मथुराबाई ही सुशील, निरोगी, आणि सरकारविरुद्ध कसल्याही चळवळीत नसलेली बाई आहे, असं होतं.

मथुराबाई सकाळी गेली. धुतलेलं लुगडं, रामराम, सगळं मास्तरांच्या सांगण्याप्रमाणं. शेटनं अर्ज वाचला, उलटा केला, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एका गिऱ्हाइकाचं नाव लिहून घेतलं.

"बाई, दुकानात बाईमाणूस?"

"लुगडी बाईमाणूसच नेसते ना जी."

"आणि एकच दिवस? काम करायचं तर रोज करा. नाही तर राहू द्या."

"एका दिवसात बघा तर."

"रामराम," शेट म्हणाला. त्याचा अर्थ जा असा होता.

ती परत आली ती चिडून नाही. नावेत बसल्या बसल्याच तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं होतं. शेजारची आशाबाई सोबत होती. तिनं विचारलं, "कायले हसतेस व?"

"मी मागितलं तर शेटनं दिलं नाही. आता त्यालेच मागायला लावते."

लग्नसराई चालू होती. आशाबाईसकट गावातल्या पाच जणींना काही ना काही कापड घ्यायचंच होतं. मथुराबाईनं त्यांना ओट्यावर बसवून पढवलं. बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी वेगवेगळं दुकानात शिरायचं, एकमेकींना ओळखच द्यायची नाही. गोटूला एकूण एक लुगडं काढायला लावायचं. हे नको, ते नको, काठ नको, रंग नको. फडताळं रिकामी झाली आणि शेटला घाम फुटला, की कोपऱ्यात गिऱ्हाईक म्हणून बसलेली मथुराबाई उठेल. ती एकेकीला एकेक लुगडं दाखवेल, आणि तेव्हाच प्रत्येकीनं म्हणायचं, "हेच तर पाहिजे होतं माय!"

"आणि तोवर कुणी काही घ्यायचं नाही," ती दोनदा म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. आशाबाईनं सगळ्यात जोरात.

बाजाराचा दिवस उजाडला. उन्हाळ्यात तापीचं पाणी आटलेलं असे, नाव बऱ्हाणपूरकडच्या राजघाटाला पार टेकत नसे. शेवटची पंधरा-वीस पावलं पाण्यातून चालावी लागत. तशाच सगळ्या जणी दुकानाच्या चौकात पोचल्या आणि थोड्या थोड्या अंतरानं दुकानात शिरल्या.

सुरुवात झकास झाली. गोटू लुगड्यावर लुगडं उलगडत होता. एक म्हणाली काठ बारीक, दुसरी म्हणाली काठ फार रुंद, तिसरीनं तर लुगडं नाकाला लावून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. का ते तिलाही ठाऊक नव्हतं. गादीवर रंगांचा ढीग गोटूच्या छातीपर्यंत आला. झोप त्याच्या डोळ्यांतून कधीच पळाली होती.

मग गोटूनं जांभळ्या रंगाचं, पिवळ्या काठाचं एक लुगडं झटकलं, आणि आशाबाईचा जीव त्यात गेला.

"हे द्या मले," ती म्हणाली.

कोपऱ्यातून मथुराबाई खोकली. आशाबाईनं ऐकलं नाही. मथुराबाई पुन्हा खोकली, तेव्हा शेटनं तिला पाणी पाठवलं. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईनं त्याच लुगड्याचं दुसरं टोक धरलं.

"मी आधी पाह्यलं होतं!"

"तू कवा पाह्यलं व? तू तर काठ नको म्हणत होतीस!"

"आशे, तुझ्या घरी जांभळं आहे आधीच, मले माहीत नाही का?"

एकमेकींना न ओळखणाऱ्या दोन बायका एकमेकींच्या ट्रंकांतलं सगळं चारचौघांत बोलू लागल्या. लुगडं ताणलं गेलं. तिसरी समजूत घालायला उठली आणि ढिगात पाय अडकून बसली. मथुराबाईनं कपाळावर हात मारला. पढवलेलं सगळं पाण्यात गेलं होतं, आणि आपण आता गुपचूप निघून जावं हेच बरं, असं तिला वाटलं.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. डोईफोडिया गावाहून मालूबाई नावाची एक शेतकरीण आणि तिचा थोरला मुलगा यादव आले होते. धाकट्याचं लग्न होतं, नव्या सुनेसाठी लुगडं घ्यायचं होतं. गोटू जांभळ्या लुगड्याच्या भांडणात अडकलेला, म्हणून शेट स्वतः उठला आणि लालभडक, जरीकाठी एक लुगडं त्यानं मालूबाईपुढं टाकलं.

"नवरीला याच्यापेक्षा चांगलं बऱ्हाणपुरात नाही."

मालूबाईनं लाल बाजूला सारलं. ढिगातलं एक हिरवं उचललं, मांडीवर पसरलं, काठावरून हात फिरवला, आणि यादव बघतोय म्हटल्यावर पटकन टाकून दिलं. पुन्हा लाल घेतलं. पुन्हा हात हिरव्याकडे. यादव उकळत होता. "आई, लवकर कर ना, बैल उन्हात हायेत."

मथुराबाई हे बघत होती. आपण काय ठरवून आलो होतो ते ती विसरली. ती उठली आणि मालूबाईजवळ जाऊन बसली.

"भाऊ," ती यादवला म्हणाली, "पलीकडे हौद आहे. बैलांना पाणी दाखवून आण. हे बायकांचं काम आहे, याले वेळ लागते."

यादव सुटल्यासारखा गेला. मथुराबाईनं लाल लुगड्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि आपल्या पांढऱ्या झोळीवर घासलं. झोळी गुलाबी झाली.

"हे नका घेऊ बाई. पहिल्याच पाण्यात रंग सोडेल. नवरीच्या अंगाला लागेल सगळा."

शेटचे डोळे मोठे झाले. तो काही बोलणार, तोच मथुराबाईनं ढिगाच्या तळातून एक डाळिंबी लुगडं ओढून काढलं. "सुनेला हे. रंग पक्का. आणि हिरवं तुम्हाले."

"मले? माझं काय वय आहे का आता?" मालूबाई म्हणाली, पण हात हिरव्यावरच होता.

"व्याही दारात येतील तेव्हा पुढं कोण उभं राहणार? नवरी तर पदरात तोंड झाकून बसेल. लोक सासूलेच बघतील."

मालूबाई लाजली, मग हसली. "यादव काय म्हणेल?"

"त्याले म्हणा, सुनेचं घेतलं तर सासूचं घ्यावंच लागते, बऱ्हाणपूरची रीत आहे."

"आहे का अशी रीत?"

"आजपासून आहे."

यादव परतला तेव्हा दोन लुगडी बांधून तयार होती. त्यानं रीत ऐकली, डोकं खाजवलं आणि पैसे दिले. जाता जाता मालूबाई मथुराबाईला म्हणाली, "आमच्या गावच्या बायका येतील हं. तुम्ही असता ना रोज?"

"बाजाराच्या दिवशी," मथुराबाई बोलून गेली, आणि मग तिला आठवलं की आपण इथं कुणीच नाही.

गाडी गेल्यावर शेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. जांभळं लुगडं दोघींच्या मध्ये तसंच लोंबत होतं.

"माझ्या दुकानात बसून माझाच माल खराब म्हणालात."

"एक खराब म्हटलं म्हणून दोन चांगली गेली जी. आणि ते डाळिंबी मागच्या दिवाळीपासून तुमच्या फडताळात तळाशी होतं. मी दर बाजाराला बाहेरून बघते."

शेटनं पाची जणींकडे बोट केलं. "या तुमच्या मैतरणी ना?"

"कोण? मी तर यांना ओळखतही नाही."

"बाई, पाची जणींच्या लुगड्यांचे काठ एकाच उंचीवर ओले आहेत. तुमचाही. मी गादीवर बसतो, झोपत नाही. झोपतो तो गोटू."

मथुराबाईचा चेहरा पडला. मग तिला हसू आलं, ते दाबता येईना, आणि पाठोपाठ आशाबाई खिदळली. शेट मात्र हसला नाही.

"तो तमाशा बघून मी तुम्हाला हाकलणारच होतो," तो म्हणाला. "पण ती डोईफोडियाची बाई काही तुम्ही पढवून आणली नव्हती. बाजाराच्या दिवशी या. बारा ते शेवटची नाव. पण लाल लुगड्याबद्दल यापुढं आधी माझ्या कानात सांगायचं."

"कानात सांगेन. पण तरी ते विकणार नाही."

"आणि या पाची जणींनाही अधूनमधून आणा. दुकान भरलेलं दिसतं. फक्त वेगवेगळ्या नावेनं या म्हणावं."

जांभळं लुगडं शेवटी आशाबाईनंच नेलं. दुसरी तिच्याशी नावेत बोलली नाही, जैनाबादचा काठ येईपर्यंत.

पुढच्या बाजाराला मथुराबाई दहालाच दुकानात हजर. शेटनं घड्याळाकडे पाहिलं. "बारा म्हटलं होतं बाई. मोठी हौस दिसते कामाची."

"कामाला बारालाच लागेन," ती गादीवर ऐसपैस बसत म्हणाली. "तोवर मी गिऱ्हाईक आहे. गोटूभाऊ, ते वरचं मोरपंखी काढा. नाही, त्याच्या मागचं. आणि त्याच्या खालचंही."

गोटूनं शेटकडे पाहिलं. शेटनं तोंड वळवून सरळच असलेली तसबीर सरळ करायला घेतली.