पाय आलापल्लीत, चपला चामोर्शीत

देवानंद मामानं जुनी सात सीटर गाडी घेतली तेव्हा साऱ्या चामोर्शीले वाटलं का चालवाले नथ्थूच येईन. नथ्थू वीस वर्षांपासून गाड्या चालवून राह्यला, रस्त्यावरचा एकेक गड्ढा त्याच्या ओळखीचा. पण नथ्थू चालवते त्या गाडीच्या दरवाजावर बाहेरून लाल पट्टा असते. खर्रा, तंबाखू-सुपारी घोटलेला. दिवसातून आठ खर्रे खाते आणि चालत्या गाडीतून थुकते. हवा उलटी असली तं मांगच्याच्या तोंडावर.

मी बारावी अर्ध्यात सोडली. सर म्हणाले, हर्षा, तुले डोकं आहे पण बूड नाई. मी म्हटलं बूड नाई तं बाक कायले पाहिजे, आणि दप्तर उचलून निघाली. अठरा पूर्ण झाल्याबरोबर लायसन काढलं, पहिल्याच खेपेत. मंग महिनाभर मामाच्या मांगं लागली. शेवटी मामा कट्टाळला.

"एक भाडं मारून दाखव," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाची तक्रार नाई आणि मॅटवर डाग नाई, तं चाबी तुयी. नाईतं नथ्थू आहेच."

ते मॅट, गाडीत पायाखाली टाकाचे, घ्याले आम्ही दोघं चंद्रपूरले गेलो होतो. दुकानदारानं थ्री डी, फाइव्ह डी, सेव्हन डी असे तीन काढले. मामानं फरक विचारला तं म्हणे, डी वाढते. मामाले पटलं. मी खालच्या मांडणीवरचे काळे रबरचे उचलले. जाड, खोल नाल्यांचे. चिखल नालीत बसते, मॅट काढा, नळाखाली धरा, झालं. आपल्याकडे पावसाळ्यात धानाच्या बांधीतले चिखलाचे पाय, उन्हाळ्यात लाल धूळ आणि बाराही महिने खर्रा, असं सारं मी समजावून सांगितलं. मामा आयकतच नव्हता. तो मलई रंगाच्या सेव्हन डीवर हात फिरवून राह्यला होता. चौकोनी चौकोनी शिवण, चारी बाजूनं किनार उचललेली, परातीवानी.

"गाडी अंदरून बैठकीवानी दिसली पाहिजे," मामा म्हणे.

मी म्हटलं बैठकीत कोणी चिखलाचे पाय घेऊन येते का. मामा म्हणे, नाई येत ना, म्हणूनच. दुकानदार हासला. मी दोघांवरही चिडली, पण मॅट मलईच आले.

आणि घरी आल्यावर त्या मॅटची धास्ती सगळ्यात जास्त मलेच लागली. दोन दिवस मी गाडीतच होती. सीटच्या फटी जुन्या ब्रशनं घासल्या, एसीच्या जाळ्या रंगाच्या कुच्यानं झाडल्या. सीटखालून आधीच्या मालकाचा संसार निघाला. शेंगाचे फोलपटं, एक कंगवा, लग्नाची पत्रिका, खर्र्याच्या अकरा पन्न्या. मामा पाहाले आला तं मी त्याले बाहेरूनच पाहा म्हटलं.

पहिलं भाडं आमच्याच गल्लीतल्या लटारूभाऊचं आलं. त्याच्या श्रीहरीसाठी आलापल्लीची पोरगी पाहाले जाचं होतं. एप्रिल महिना. माणसं सहा. लटारूभाऊ, वच्छलाकाकू, श्रीहरी, त्याची बायनाबाई आत्या आणि दोन म्हातारे काका, जे कुठीही पोरगी पाहाले न्यावेच लागतात.

सकाळी दहाले मी त्याईच्या दारात गाडी लावली आणि दरवाजे उघडले. वच्छलाकाकूनं एक पाय उचलला आणि तसाच हवेत ठेवला.

"बाई, याच्यावर कसा पाय देवाचा?"

तिनं चपला काढल्या, तळपाय पदरानं पुसले आणि देवघरात शिरावं तशी अंदर गेली. तिच्या मांगं साऱ्याईनं तेच केलं. काकाईनंही. श्रीहरीचे तं नवे कोरे काळे बूट होते, त्यानं मोजेही काढले. मले इतकं बरं वाटलं का मी एसी दोन नंबरवर केला. फकस्त आत्याच्या गालात खर्रा होता. मी तिले चूळ भरवली, आणि पुडी मायाजवळ डॅशबोर्डात ठेवली. आत्यानं मायाकडे असं पाह्यलं का मी तिचा दागिना काढून घेतला.

मायी नजर बारीक आहे. सीटवर पडलेला मुरमुऱ्याचा दाणा मले आरशातून दिसते. पण ते सारी नजर गाडीच्या अंदर होती.

आष्टीले लटारूभाऊनं चायचं म्हटलं. बाहेर ट्रकाईची धूळ, टपरीसमोर सांडलेल्या पाण्याचा लाल गारा-चिखल. मी म्हटलं, तुम्ही बसा भाऊ, मी खिडकीतून देते. अर्धा अर्धा कप दिला, सांडू नये म्हणून. एक काका उतरतो म्हणे, लघवीले. मी म्हटलं काका, आलापल्ली आता आलीच. अजून एक तास होता.

आलापल्लीत गुणवंतरावचं घर एका बोळीत. बोळीच्या तोंडावर गाडी थांबली, त्याच्या पुढे जातच नव्हती. तिथून त्याईचं फाटक चाळीस-पन्नास पावलं. फाटकात गुणवंतराव, त्याईची म्हातारी माय, पाय धुवाले पाण्याची बादली, आणि अर्धी गल्ली. सिमेंटचा रस्ता, साडेबाराचं ऊन. काकूनं दरवाजा उघडून पाय खाली सोडला आणि चटका लागल्यावानी वर घेतला. चटकाच लागला होता.

"हर्षा, डिक्कीतून चपला काढ," ती म्हणाली.

डिक्कीत स्टेपनी होती.

मी म्हटलं तुम्ही ठेवल्या ना. ते म्हणे तू ठेवल्या ना. आत्या म्हणे गाडीवाल्याचं काम असते. श्रीहरीनं खिसा चाचपला, त्यात मोजे होते. घरात जाताना चपला दाराशी काढाच्या आणि अंदर जाचं, तसं त्याईनं केलं होतं. फरक इतकाच का हे घर चालत निघालं. सहा जोड चामोर्शीत, लटारूभाऊच्या बंद दारासमोर, ओळीनं.

लटारूभाऊ लाल झाला. आधी मायावर, मंग मॅटवर. चाय खिडकीतून काऊन दिली, उतरलो असतो तं आष्टीलेच कळलं असतं, तिथी बाजारात काहीतरी भेटलं असतं. खरं होतं. मले राग आला, पण कोणावर काढू, मायाशिवाय कोणी उरलंच नव्हतं.

"गाडी पलटव," तो हळू म्हणाला. "अनवाणी सोयरीक कराले मी नाई जात. मामाले तुया मी सांगतो काय ते."

फाटकातले लोक पाहून राह्यले होते का पाहुणे गाडीतून उतरून काऊन नाई राह्यले. मी हिशोब केला. पलटवली तं तक्रार, चाबी नथ्थूची. नाई पलटवली तं यांचे पाय भाजतात. आणि तिसरं एक होतं, जे मले दिसत होतं पण पाहू वाटत नव्हतं. त्यातही चाबी नथ्थूचीच. पण श्रीहरी आरशात केस सारखे करत होता, तिसऱ्यांदा.

"पाय वर घ्या," मी म्हटलं. "मॅट काढते."

समोरचे दोन, मधला लांब, मांगचा एक. चार मॅट रस्त्यावर एकामागं एक टाकले. आधी उलटे टाकून पाह्यले, मलई वाचावी म्हणून, पण त्या परातीच्या काठामुळे डोलाले लागले आणि आत्या पडता पडता राह्यली. मंग सुलटे. सहा जण चार परातीत उभे. ते पुढच्या मॅटवर गेले का मी मांगचा रिकामा उचलाचा, पळत जाऊन समोर टाकाचा. पुन्हा मांगं. दोन्ही काका एकाच मॅटवर, एकमेकाले धरून. गल्लीतले पोट्टे मोजाले लागले, अकरा, बारा, तेरा. फाटकाच्या अंदर पाहुण्यांसाठी शेणाचा ताजा सडा टाकला होता. तिथी आली तेव्हा मी क्षणभर थांबली. मंग डोळे मिटून मॅट टाकला.

गुणवंतरावची माय पाहत राह्यली. "इतक्या मानानं आमच्या दारात कोणी नाई आलं," ती म्हणाली, आणि बादलीतून तांब्या भरून स्वतः काकूच्या पायावर पाणी घातलं. लटारूभाऊनं मान हलवली, जसं त्याईच्याकडे हे पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे.

पोरगी पोह्याचा ट्रे घेऊन आली. रंजीता नाव. तिनं साऱ्याईकडे नाई, फाटकाकडे पाह्यलं. तिथी एकही जोड नव्हता. मंग मायाकडे आली आणि प्लेट देत हळूच विचारलं, "चपला कुठी आहेत?"

"चामोर्शीत," मी म्हटलं.

ती हासली. पोरगी पाहाच्या दिवशी पोरगी असं हासत नाई, ट्रेमधले चमचे वाजले. श्रीहरीनं वर पाह्यलं, आणि तोही हासला, आणि खिशातून मोजे काढून तिले दाखवले. मंग दोन्ही काकाईनं काय काय विचारलं, गुणवंतराव काय बोलले, त्याच्याकडे त्या दोघांचं लक्ष नव्हतं.

जाताना तसेच मॅट टाकत साऱ्याईले गाडीत बसवलं आणि मॅट डिक्कीत टाकले. घाईत एकावर एक ठेवल्यानं वरच्याच्या बुडाचं शेण खालच्याच्या मलईवर छापलं होतं, चौकोन चौकोन. परतताना काकाले तीनदा उतरवलं.

चामोर्शीत लटारूभाऊच्या दारासमोर वीसेक जोड होते. बंद दारापुढे ओळीनं चपला पाहून लोकाईले वाटलं का कोणीतरी गेलं. तेही आपल्या चपला काढून ओट्यावर चूप बसले होते. मधात गाडीची वाट पाहत देवानंद मामा, आणि बाजूले नथ्थू, गालात खर्रा. कुत्र्यानं श्रीहरीचा एक बूट पळवला होता, तेवढं सोडलं तं सारं जागेवर.

मामानं डिक्की उघडली. एक मॅट उचलला, वास घेतला.

"चाबी दे," तो म्हणाला.

मी दिली. डाग होताच.

लटारूभाऊ आपल्याच चपला घालत होता. घालताना वाकूनच म्हणाला, "देवानंद, मे महिन्यात साखरपुडा धरला. गाडी हेच पाहिजे आणि चालवणारी हेच. गुणवंतरावच्या मायनं सांगून ठेवलं, ते मॅटवाली पोरगी आली पाहिजे."

नथ्थू थुकाले नालीकडे गेला. मामा मॅटकडे पाहत राह्यला, मंग चाबीकडे.

"ते काळे रबरचे," तो म्हणाला, "कोणत्या मांडणीवर होते?"

"खालच्या," मी म्हटलं, आणि हात पुढे केला.

आता काळे आहेत. दरवाजावर मी चिठ्ठी लावली का चपला घालूनच बसा. वाचतात, हाव म्हणतात, आणि काढतातच. म्हणून गाडी चालू कराच्या आधी मी एकदा उतरून गाडीभोवती चक्कर मारते, खाली पाहत.