सोन्याची सुई

"मला बी द्या की यक," पद्मा म्हणाली.

धाकट्या जावेला, विनोदिनीला टोचलेली सुई सांगलीचे डॉक्टर नुकतीच धुवायला ठेवत होते. त्यांनी वळून पद्माकडं पाहिलं. "तुम्हाला काय होतंय?"

 पद्मा खाली मान घालून पदराचं टोक पिळत राहिली.

पद्मा दुष्काळी माण तालुक्यातली. उन्हात रापलेली, हाडानं दणकट. तिचा नवरा सयाजी आणि दीर लालासाहेब मद्रासला सोनं गाळायचं दुकान चालवत. विट्यातलं त्यांचं घर सगळं सोन्यावर उभं, पण पद्माच्या गळ्यात डोरल्यापलीकडं गुंजभर सोनं चढलं नव्हतं. त्यात धाकटी जाऊ आली ती साताऱ्याची, केवड्याच्या पातीसारखी. तिला बघायला अख्खी आळी लोटली होती. त्या दिवशी चुलीपुढं बसलेल्या पद्माच्या पोटात जे पेटलं, ते पुन्हा विझलंच नाही.

यंदा, एकोणपन्नास साली, विनोदिनीच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उमटला. पंख पसरून फुलपाखरू बसावं तसा. ऊन सोसेना, बोटांचे सांधे ठणकू लागले. बायका महारोग म्हणून कुजबुजल्या. पद्माला आतून थंड वाटलं. पण ते सुख टिकलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा महारोग नव्हे, ल्युपस; कुणाला लागत नाही. यावर सोन्याची इंजेक्शनं देतात. ते ऐकून आळी पुन्हा विनोदिनीला बघायला आली. लालासाहेब मद्रासहून धावत येऊन चार दिवस तिच्या उशाशी बसला. पद्मा बाळंतपणात मरता मरता वाचली होती, तेव्हा सयाजी आला नव्हता. आता लालासाहेब परत गेल्यावर जावेला सांगलीला न्यायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

पुढं आश्विनातल्या खेपेला डॉक्टरांनी विनोदिनीची लघवी तपासली आणि इंजेक्शन भरलंच नाही.

"सोनं बंद करायचं. मूत्रपिंडाला सूज आहे."

पद्माला बरं वाटायला हवं होतं. पण ती डॉक्टरांच्या मेजापाशी सरकली. "मग दुसरं काय हाय?"

डॉक्टर सांगू लागले. अमेरिकेत गेल्या साली या रोग्यांच्या रक्तात एक निराळीच पेशी सापडली होती. तिच्यावरून रोग ओळखता येऊ लागला होता. सांधे धरलेल्या माणसांना उठवणारं एक नवं औषधही निघालं होतं. ते यालाही लागू पडेल, अशी आशा होती. पण इकडं ते मिळत नव्हतं.

"कवा मिळंल?"

"ते मला सांगता येणार नाही. तोवर उन्हापासून जपा."

मोटारीच्या अड्ड्यावर सावली नव्हती. विनोदिनी तिथल्या दगडावर टेकली आणि बसल्या बसल्या पेंगली. शेजारची एक म्हातारी तिच्याकडं टक लावून बघत होती.

"चट्टं पडल्यात, तरी रूप काय हाय बघा," म्हातारी म्हणाली. "लेक व्हय?"

पद्माच्या पोटात जुनी कळ उठली.

"जाऊ हाय," ती म्हणाली, आणि सूर्याकडं पाठ करून विनोदिनीच्या पुढ्यात उभी राहिली. मोटार यायला उशीर होता. ऊन सरकेल तशी तीही सरकत होती.