मुंबईहून इतक्या लवकर

पिराजी मुंबईत विमानांच्या कारखान्यात मिस्त्री होता. १९५३ सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी कामावर पोचल्या पोचल्या त्याच्या हातात तार पडली. आई अत्यवस्थ होती. त्याच दिवशी एक विमान कोल्हापूरला निघालं होतं. साहेबांनी त्याला त्यात बसवून दिलं. रेल्वेला दिवस अन् रात्र लागायची ती वाट दीड तासात सरली आणि पिराजी उजळाईवाडीच्या माळावर उतरला. उतरताना दोन्ही कानांना दडे बसले. कागलकडे जाणारी मोटार मिळाली आणि जेवणवेळेला तो आपल्या वाडीतल्या घराच्या दारात उभा राहिला.

त्याची आई बयाबाई सोप्यात पडली होती. तिची नजर दाराकडे गेली.

"पिराजी?"

त्याला ऐकू आलं नाही. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आतलं काही दिसतही नव्हतं. तो नुसताच उभा राहिला.

"बोल की रं."

बयाबाईनं वाकळ तोंडापर्यंत ओढून घेतली.

थोरली बहीण चिमणाबाई चुलीपासून धावत आली आणि त्याला आत घेऊन गेली. त्यानं आईचा तापानं फणफणलेला हात धरला.

"गार हाय," बयाबाई पुटपुटली. "ह्येला कुणी सांगितलं गं?"

"मी काल सांजचं तार केलती की."

बयाबाई जन्मात एकदाच मुंबईला गेली होती. गाडीत बसून बसून तिचे पाय सुजले होते, बोगद्यांतला धूर आठवडाभर नाकातून गेला नव्हता. मुंबई किती लांब ते तिच्या अंगाला माहीत होतं.

"काल सांजचं तार, अन् ह्यो आज हितं? जित्या मानसाला येवड्या बिगी येता येत न्हाय, चिमणे."

"आई, इमानानं आलो!" कान बंद असल्यामुळे पिराजीचा आवाज भलताच मोठा निघाला. "वरनं आलो, वरनं!"

बयाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतली भीती गेली आणि पाणी आलं. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

"कसं झालं रं लेकरा? मशीनीत घावलास?"

चिमणाबाईनं शपथा घातल्या. बयाबाईनं ऐकलं नाही.

"उपाशी आलाय त्यो. भाकरी वाढ. भाईर वाढ, वळचणीला."

गेलेल्या माणसाचं पान तसं बाहेर ठेवायची रीत होती. चिमणाबाईला हुंदका फुटला. पिराजीला शब्द नीट ऐकू आले नसले, तरी आईचं बोट कुठे होतं ते कळलं. तो उठला, बहिणीच्या हातातलं ताट घेतलं आणि आईला दिसेल असा वळचणीखाली बसला. त्यानं ताट पुसून खाल्लं.

"जेवला," बयाबाई म्हणाली. "आता हितं घुटमळू नगंस, बाळा. तू हो म्होरं. मी येतेच मागनं."

दिवस मावळायच्या आत ती गेली.

अग्नी पिराजीनंच दिला. माणसं सांत्वनाला यायची, पाठीवर हात ठेवायची, आणि कुणाचा तरी हात आपल्याला लागतोय याचं त्याला दर वेळी नवल वाटायचं.

दिवसकार्य उरकल्यावर चिमणाबाई म्हणाली, "इमानानं जा. बिगी पोचशील."

"नगं. गाडीनंच जातो."

मिरज गेलं, सांगली मागे पडली. कोरेगावच्या पुढे कुठेतरी तो रडायला लागला. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं तांब्या पुढे केला.

"कोण गेलं, पावणं?"

पिराजीला सांगता येईना. "आई" म्हणायला पुढचं स्टेशन यावं लागलं.