पाखऱ्याची झूल

भागूबाईनं शेवटचा खिळा ठोकला आणि पाखऱ्या बैलाची झूल भिंतीवर ताणून बसवली. त्या भिंतीवर आधीच जुन्या लुगड्यांची वाकळ होती, फुटक्या बांगड्या शेणात बसवून केलेला मोर होता. आणि पोपट तर असे रंगवलेले, की गल्लीतली मांजरं उंबऱ्यावर दबा धरून बसत.

दारात धाकटा दीर आप्पासाहेब उभा. हातात चुन्याची बादली.

"वैनी, उद्या पोरीला बघाय शेवगावचे पाव्हणे येनार. आपली दारं शेजारी. घर हाय का हिप्पीचा तळ?"

"हिप्पी कोन?"

"नगरला ठेसनावर बसत्यात. अंगावर समद्या रंगाच्या चिंध्या."

"मंग सांगा पाव्हण्यांना, पोरीची चुलती हिप्पी हाय."

आप्पासाहेबानं आत येऊन कुंचला चुन्यात बुडवला.

"दादा गेल्यावर तुमाला रंग कशाला एवढे?"

"म्या कपाळाला न्हाई लावले, भिंतीला लावलेत. भिंतीचा न्हवरा जित्ता हाय."

कुंचला वर गेला. भागूबाई भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"आधी मला चुना लावा."

वाटणीत बैलजोडी फुटली होती. सर्जा आप्पासाहेबाकडं गेला, पाखऱ्या तिच्याकडं. दुष्काळात पाखऱ्या चारा-छावणीत बसला तो उठलाच नाही. झूल तेवढी घरी आली.

बाहेर घुंगरं वाजली. पोळ्याची मिरवणूक वेशीतून परतत होती. सर्जा स्वतःच्या दारापुढं थांबलाच नाही. गड्याच्या हातातलं दावं हिसकून भागूबाईच्या दारात आला, मान वाकडी करून शिंगं चौकटीतून आत घेतली, आणि खुरांची धूळ पोपटांवर उडवत थेट झुलीच्या भिंतीशी गेला. औताला तो कायम डाव्या अंगाला असे. आताही झुलीच्या डाव्या अंगाला उभा राहिला आणि डोळे मिटले.

"हाऽऽ, चल!" आप्पासाहेबानं दावं ओढलं. सर्जा हलला नाही.

भागूबाईनं चुलीजवळची पुरणपोळी आणून त्याच्या तोंडाशी धरली. आप्पासाहेबाच्या कुंचल्यातला चुना त्याच्या नव्या धोतरावर ठिबकत होता.

मग त्यानं सर्जाच्या गळ्यातली घुंगुरमाळ सोडली. झुलीशेजारी भिंतीला लावून पाहिली.

"वैनी, एखादा खिळा हाय का मोकळा?"

"हाय. आधी ती बादली भाईर ठिवा."