खोतांच्या माजघरातली पेटी

भागूबाई सुईण रत्नागिरीला सहा महिने राहून बाळंतपणं नव्या रीतीने करायला शिकून आली, तेव्हा वाडीने नारळ देऊन तिचा सत्कार केला आणि तिथे मिळालेली तिची पेटी काढून घेतली. पेटीत कात्री, दोरा, साबण आणि जंतू मारायच्या औषधाची बाटली होती. आरोग्य समितीचे अध्यक्ष महिपत खोत म्हणाले, सरकारी वस्तू सुईणीच्या खोपटात शोभत नाही. पेटी त्यांच्या माजघरात गेली. बाळंतिणीकडे नेलेली, सोयरातली वस्तू पुन्हा माजघरात घेता येत नाही, म्हणून ती बाहेर निघेना. भागूबाई घरोघरचे विळे उकळून नाळ कापी. सरपण वाया जातं म्हणून कुणी कुणी उकळूही देत नसत. वर्षात दोन पोरं धनुर्वाताने गेली. आरोग्याच्या कामात वाडीचा नंबर मात्र पहिला होता.

मैनाचं पहिलं मूल असंच, जबडा आवळून दूध ओढेनासं होऊन, आठव्या दिवशी गेलं होतं. तिची सासू काशी हिने मासे कापायच्या कोयतीने नाळ कापून वर शेण लावलं होतं. आता मैनाला पुन्हा कळा लागल्या, त्या नेमक्या आरोग्य खात्याचे साहेब तपासणीला यायच्या सकाळी.

भागूबाई देवळासमोर गेली. साहेबांसाठी मांडलेल्या टेबलावर पेटी, पेटीला झेंडूचा हार.

"खोतानू, पेटी द्या. मैनाचे दिवस भरलेत."

"भरू देत की. साहेब यादी घेऊन बसणार. एक वस्तू कमी निघाली तर गावाची अब्रू काय राहील?"

"आणि पोर गेलं तर?"

"त्याला यादीत रकाना नाही," खोत शांतपणे म्हणाले. "आणि काय गो भागू, तू शिकून आलीस ना? मग तुला हत्यार कशाला लागतं? जा, बरं लुगडं नेसून ये. साहेब तुझं कौतुक करणारेत."

पंचवीस वर्षांत भागूबाईने रक्त, घाण, सगळं उपसलं होतं. किळस कधी आली नव्हती. आत्ता आली.

तिने हार काढला. "हा तेवढा धरा," म्हणत खोतांच्या हातात दिला आणि पेटी काखेत मारून ती चालू लागली. अडवायला कुणी पुढे झालं नाही. सुईणीशी झोंबाझोंबी केली तर साहेब यायच्या आत अंघोळ करावी लागली असती.

मैनाकडे तिने पेटी उघडली. दसऱ्याला खोतांनी तलवारीशेजारी ठेवून कात्रीची पूजा केली होती. पाणी शिंपडलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं. पाती गंजून एकमेकांना चिकटली होती. बाटलीत पाणी होतं. साबणाच्या कागदात जांभ्या दगडाचा तुकडा नीट गुंडाळलेला होता. यादी पुरी होती. खरा असा दोरा तेवढा निघाला.

काशीने कोयती पुढे केली. "ही घे, धार चांगली हाय."

"काशीबाय, ती लांब ठेव आधी. तुझा पोरगा आनंदा मुंबैला दाढी कशान करतो?"

"पात्यान. गणपतीला आला तवा दोन कोरी ठेवून गेलाय."

भागूबाईने राखेने कोपरापर्यंत हात घासले, पातं आणि दोरा खळखळ उकळले. दुपारी मैनाला मुलगी झाली. शेणाला तिने दारातच थांबवलं.

तेवढ्यात शिपाई मोरू आला. "भागूबाय, साहेब आले. पेटी मागतायत. तुलापण बोलावलंय."

"पेटी ने. दोरा कमी हाय म्हणून सांग."

"आणि तू?"

"मी सोयरात हाय. आठ दिवस इथनं हलायची नाय."

साहेबांनी पेटी न उघडताच शेरा लिहिला: व्यवस्था उत्तम.

आठव्या दिवशी तिन्हीसांजेला भागूबाईने मुलीच्या ओठांत करंगळी घातली. जबडा सैल होता. मुलगी करंगळी चोखायला लागली.

"काशीबाय," ती म्हणाली, "भात हाय काय गो? वाढ मला पोटभर."