डुकरावाला अंतोनी

आधीच सांगून ठेवते, माझ्या तोंडाले लगाम नाही. गावात सगळ्याईले माहीत आहे. अन् तीस वर्षांच्या संसारात "मी चुकली" हे दोन शब्द मी कोणाले म्हटले नाही. नवऱ्याले नाही, सासूले नाही, पाद्र्याले तर मुळीच नाही. चुकली नसीनच असं नाही, पण म्हणाची सवय नव्हती.

आमचं गाव चांदूर रेल्वेपासून अकरा किलोमीटर. त्यात आमच्या ख्रिस्ती लोकाईचे घरं चौदा. एक लहानसं चर्च आहे, संत अंतोनीचं, अन् त्या चर्चमधी एक पेटी आहे. ती पेटी बावीस वर्षांपासून मी वाजवते. अकोल्याहून नवी नवरी होऊन आली तेव्हा मी फक्त अमक्याची सून होती. पेटीवर बसली तेव्हा मी माया झाली. म्हणून त्या पेटीवर माझा जीव आहे, अन् तिले दुसऱ्या कोणी हात लावला तर माझं डोकं फिरते.

आता कुलदीपचं सांगते. आमच्यातलाच पोट्टा, पस्तिशीचा, अमरावतीले मोबाईलच्या दुकानात कामाले. यानं मागच्या दिवाळीत कीबोर्ड घेतला. बटन दाबलं का ढोल, बासरी, टाळ्या, सगळं आपोआप. दर रविवारी तो कीबोर्ड मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसते अन् माझ्या पेटीकडे पाहत राहते, बाजेवरचं बुढं कधी उठते म्हणून वाट पाहतात तसा.

तर झालं असं, का चर्चमधली संत अंतोनीची जुनी तसबीर वाळवीनं खाल्ली. एप्रिलमधी मीटिंग झाली. फादर नेल्सन वसईकडचे, त्याईची मराठी पुस्तकातली. ते म्हणाले, "वसईहून मूर्ती मागवू, तिथे आमचे जुने कारागीर आहेत." मी उठली. म्हटलं, वसई कायले पाहिजे? अकोल्याले माझ्या माहेरच्या गल्लीतला सहदेव आहे. त्यानं केलेल्या गणपतीसमोर माणसाचे हात आपोआप जुळतात. तो करीन अंतोनी.

कुलदीप म्हणाला, "काकू, त्यानं आपला संत कधी पायला तरी आहे का? निदान एक फोटो पाठवा त्याले."

"तू मले शिकवू नको," मी म्हटलं. "सहदेवले डोळे आहेत, त्याच्याजवळ फोन आहे. नाव सांगतलं का तो पाहून घेईन."

"अन् चुकली तर?"

तिथं माझी जीभ घसरली. चौदा घरचे लोकं बसले होते. म्हटलं, "मूर्ती चुकली तर मी पेटीले हात लावणार नाही, जा. तू बस तिथं तुयं खेळणं घेऊन." कुलदीप हासला. मले त्याचं ते हासणं दीड महिना झोपेतही दिसलं.

संत अंतोनीचा सण तेरा जूनले. बारा तारखेले दुपारी सहदेव टेम्पो घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, अंगावर अजून रंगाचे शिंतोडे, चेहरा कसा फुललेला. मूर्ती चादरीत गुंडाळून आणली होती. सगळे जमले. फादर पुढं झाले, प्रार्थना म्हणाले, अन् सहदेवनं चादर ओढली.

अंतोनी म्हणजे आमच्या डोळ्यापुढं कोण? तरणा, दाढी साफ, हातात फूल अन् कडेवर बाळ येशू. हरवलेलं सापडवून देते तो. चादरीखालून निघाला एक बुढा. पांढरी दाढी छातीपर्यंत. हातात काठी, काठीले घंटी. अन् पायाशी डुक्कर.

खरं सांगते, डुक्कर फार गोड होतं. काळंभोर, गोबरं, पुढचे दोन पाय जोडून वर संताकडे पाहून राहिलं होतं. गळ्यात पिवळी माळ. अन् बुढ्याले पोट, चांगलं गोल गरगरीत. सगळे आधी डुकराकडे, मंग माझ्याकडे पाहाले लागले. शेवटी माझी जाऊ माणिकबाई म्हणाली, "माया, याच्या कडेवर लेकरू होतं ना वं? थे कुठी गेलं?"

मंग मले जे हासू फुटलं ते भीतीचं होतं, पण सगळे हासले. फादर तर वेदीची पायरी धरून खालीच बसले. डोळे पुसत म्हणाले, "मायाबाई, हे सुद्धा संत अंतोनीच आहेत. पण आपले नव्हेत. आपले इटलीतल्या पादुआचे. हे इजिप्तचे, आपल्या अंतोनींच्या नऊशे वर्षं आधीचे. वाळवंटात राहून जन्मभर उपास केले यांनी."

"उपास?" माणिकबाईनं मूर्तीच्या पोटाकडे पाहत विचारलं.

"ताई, तीस वर्षं पोटच केलं मी," सहदेव म्हणाला. "हात आपोआप तिकडं जाते."

"असे एकंदर किती अंतोनी आहेत, फादर?" कुलदीपनं विचारलं. त्याचा आवाज लाडूसारखा गोड झाला होता.

"पुष्कळ. दोघांच्या तर नावात मरिया आहे. प्रत्येकाचा सण वेगळा. या आजोबांचा सतरा जानेवारीला असतो."

मी सहदेववर घसरली. काहून केलं असं, डोळे फुटले होते का, माझी इज्जत मातीत घातली, जे तोंडाले आलं ते बोलली. तो बिचारा हातातली चादर घड्या घालत उभा. म्हणाला, "ताई, फोनवर नाव टाकलं तर दोन निघाले. एकाजवळ लेकरू, एकाजवळ डुक्कर. मी इचार केला, लेकरू तर कोणीही कडेवर घेते. पण वाहन कोणाजवळ असते? देवाजवळच ना. गणपतीले उंदीर, महादेवाले नंदी. मंग मोठा कोणता? डुकरावाला. तुमच्यासाठी मी मोठा केला."

आता याच्यावर काय बोलणार? पण मी बोललीच. म्हटलं, "तुले अक्कल असती तर तू विचारलं असतं. उचल हे अन् घेऊन जाय." सहदेवचा चेहरा उतरला. तो बाहेर जाऊन टेम्पोच्या सावलीत बसला. तवा मले काही वाटलं नाही. मी फक्त पेटीकडे पाहून राहिली होती.

एवढ्यात नत्थुजी आले. चर्चच्या मागं त्याईचं शेत आहे, बारा एकर. टेम्पो पाहून डोकावले. चप्पल बाहेर काढली, आत आले, अन् मूर्तीसमोर उभे राहिले ते हालेचना. मंग हळूच विचारलं, "हे महाराज कोण?"

फादरनं सांगतलं.

"अन् हे डुक्कर असं हात जोडून बसलं, याईच्या धाकानं?"

"परंपरा अशी, की जनावरं त्यांचं ऐकत. गुराढोरांचे रक्षक मानतात त्यांना."

नत्थुजी गुडघ्यावरच आले. बाहेरच्याईले समजणार नाही, पण आमच्याकडे जून म्हणजे रानडुकराची दहशत. भुईमूग पेरला का दुसऱ्या दिवशी पेरलेल्या ओळी उकरलेल्या. मका ठेवत नाहीत, हरभरा ठेवत नाहीत. काट्याचं कुंपण करा, साड्या बांधा, फटाके फोडा, त्याईले काही फरक पडत नाही. आजवर डुकराले हात जोडाले लावणारा कोणी भेटला नव्हता.

"फादर," नत्थुजी म्हणाले, "याईले परत पाठवू नका. पेरणी तोंडावर आहे."

"पण नत्थुजी, हे आमच्या चर्चचे अंतोनी नाहीत."

"त्यात काय झालं? आपल्या गावात मारोती तीन आहेत. वेशीवरचा, तळ्यावरचा, अन् माळावरचा. कोणी म्हणते का हा बरोबर अन् थो चुकीचा? तळ्यावरचा पाण्याचं पाहते, माळावरचा ढोरायचं पाहते. तुमचा एक हरवलेलं पाहीन, एक डुकरं पाहीन. जागा कमी पडते का?"

फादरनं दाढी खाजवली. वसईच्या माणसाले आमचे मारोती कोण समजावून सांगीन? पण त्याईले हासू येऊन राहिलं होतं. म्हणाले, "उद्याच्या सणाला राहू देत. नंतर बघू." सहदेवलेही नत्थुजीनं आपल्या घरी ठेवून घेतलं.

मंग कुलदीप माझ्याकडे वळला. "काकू, तुमचा शब्द?"

"शब्द म्हणजे शब्द," मी म्हटलं. पेटीवर कापड टाकलं, तिले कोपऱ्यात सरकवली, अन् घरी येऊन कांदे चिरत बसली. नवऱ्यानं विचारलं का रडून राहिली काय. म्हटलं, कांदे आहेत.

सकाळी चर्चले गेली तर आत शिराले जागा नाही. नत्थुजीनं काय केलं होतं देव जाणे, पण रातून अख्ख्या गावाले कळलं होतं. धोतरवाले, टोपीवाले, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. संघपाल मास्तर, जे कोणत्याच देवापुढं हात जोडत नाहीत, तेही आले होते. म्हणाले, "मी नुसती मूर्तिकला पाहाले आलो. भुईमूग मीही पेरणार आहे म्हणा." बायाईनं डुकरापुढं भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या होत्या, एवढ्या खाय अन् बाकीच्या सोड म्हणून. फादर एक ढीग बाजूले सारत, तोवर दुसरा तयार होत होता. शेवटी त्याईनं हात टेकले.

सणाचा मिस्सा, म्हणजे आमची उपासना, सुरू झाला. कुलदीपनं बटन दाबलं अन् ढोल असा सुटला का आमचं संथ गाणं त्याच्यामागं धावत सुटलं. पहिलं कडवं संपाच्या आत दुसरं आलं. माणिकबाई मधातच दम घ्याले थांबली. गावचे लोकं खूश, त्याईनं टाळ्या धरल्या. कोणाले वाटलं वरात आहे. संघपाल मास्तरांचा पायही हालून राहिला होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, नाही तर ते उठून पेटीवर गेले असते.

तेवढ्यात माझ्या मागं दोन बाया कुजबुजल्या. एक म्हणे, "मूर्ती कोणी केली वं?" दुसरी म्हणे, "थो दाराजवळ बसला ना, अकोल्याचा. चुकवली म्हणते त्यानं. मायाबाई काल लय बोलली त्याले." "हो का? मी म्हणणार होती नवरात्रातली शारदा यंदा याच्याकडेच देऊ. मंग नको."

मी वळून पाहिलं. सहदेव दाराशी चपलांजवळ बसला होता, खाली मान घालून. एवढे लोकं त्याच्या हातच्या मूर्तीपुढं हात जोडून होते, अन् त्याले वर पाहाची हिंमत नव्हती. माझ्यामुळं. पेटी गेल्याचं दुःख होतं ते होतंच, पण हे त्याच्याहून वाईट होतं.

मी उभी राहिली. गाणं चालू, ढोल चालू. "थांबव रे," मी कुलदीपले म्हटलं. त्याले वाटलं आता ही पेटीसाठी भांडणार. त्यानं बटन बंद केलं. दोनशे लोकाईचे डोळे माझ्यावर.

"मी एक सांगते," मी म्हटलं. "सहदेवनं मूर्ती चुकवली नाही. मी त्याले फोटो दिला नाही. कुलदीप म्हणाला होता दे म्हणून, मी ऐकलं नाही. त्याच्या मनाले जे सगळ्यात मोठं वाटलं ते त्यानं बनवलं. मूर्ती बरोबर आहे. मी चुकली." मंग, तोंड उघडलंच आहे तर म्हणून, सहदेवकडे पाहून म्हटलं, "भाऊ, काल जे बोलली ते मागं घेते."

माझा नवरा दुसऱ्या बाकावर होता. तो अर्धा उठला अन् परत बसला. सहदेवनं वर पाहिलं, अन् त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मी खाली बसणार, तर कुलदीप बोलला.

"काकू, म्हणजे मूर्ती चुकली नाही?"

"किती वेळा म्हणाले लावतं?" मी म्हटलं. "नाही चुकली."

"मंग पेटी काहून बंद आहे?"

मले आधी समजलंच नाही. तो उठला, कोपऱ्यात गेला, पेटीवरचं कापड काढलं, अन् ती उचलून माझ्यासमोर आणून ठेवली. मंग आपला कीबोर्ड खाली ठेवून शेजारी मांडी घालून बसला. "मले तुमची पेटी नको होती काकू," तो हळूच म्हणाला. "मले एकदा तुमच्या तोंडून 'मी चुकली' एवढंच ऐकाचं होतं. आता मले शिकवा. या बटनाच्या मागं धावून मीही दमलो."

दिवाळीपासून मी समजत होती का पोट्टा माझ्या जागेवर डोळा ठेवून बसला. तो तर माझ्या बोटांकडे पाहून राहिला होता. मी भाता मोकळा केला. नत्थुजी शेंगांच्या ढिगाजवळ हात जोडून उभे, फादर वेदीवर हासून राहिले. मी पहिला सूर धरला, अन् तो साफ चुकला.

"चुकली वं मी," मी मोठ्यानं म्हटलं, अन् पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.